गाडीत सांडलेल्या पेट्रोल-डिझेलचा दर्प मुळापासून कसा काढावा

कोकणात पावसाळा सरत आला की आंब्या-काजूच्या बागांत कंबरेएवढे गवत माजलेले असते. ते कापण्याच्या ग्रासकटरसाठी लागणारे पेट्रोल बहुधा घरच्याच गाडीच्या डिकीतून येते. गेल्या भाद्रपदात माझे मेहुणे कराडहून चिपळूणजवळच्या बागेकडे निघाले, तेव्हा त्यांनी पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन असाच डिकीत ठेवला होता. झाकणातला रबरी वायसर जीर्ण झालेला होता आणि कुंभार्ली घाटातल्या वळणांवर कॅन आडवा पडला. घाट उतरून खाली येईपर्यंत दीडेक लिटर पेट्रोल डिकीच्या कार्पेटमध्ये जिरून गेले होते. पुढचे तीन आठवडे त्यांनी खायचा सोडा शिंपडला, लिंबे कापून ठेवली आणि गुलाबाच्या सुगंधाची बाटली आरशाला टांगली. गाडी माझ्या दारात आली तेव्हा तिला पेट्रोल पंपावर अत्तराचे दुकान थाटल्यासारखा वास येत होता.

त्यांची चूक मेहनतीत नव्हती, समजुतीत होती. वास हवेत असतो असे आपण धरून चालतो आणि म्हणून हवेवर उपाय करत राहतो. प्रत्यक्षात जोवर वास येतो तोवर इंधन गाडीतच कुठेतरी शिल्लक असते, आणि ते द्रवरूपात बाहेर काढल्याशिवाय कोणताही सुगंध, सोडा किंवा धूप उपयोगाचा नसतो. पुढे दिलेला क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे: आधी कोरडे टिपून घेणे, मग साबणाने सोडवणे, मग पाण्याने काढून वाळवणे आणि अगदी शेवटी उरलेला अंश कोळशाने शोषून घेणे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधीच पाणी ओतले, तर इंधन फोममध्ये आणखी खोल आणि आणखी दूर पसरते.

पेट्रोल आणि डिझेल यांचे वागणे वेगळे आहे

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साध्या हवेत काही मिनिटांत उडतात, तर जड घटकांना बरेच दिवस लागतात. म्हणून कडक फरशीवर सांडलेल्या पेट्रोलचा वास दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीसा होतो, आणि तेच पेट्रोल सीटच्या फोममध्ये किंवा कार्पेटखालच्या फेल्टमध्ये (दाबून बनवलेल्या तंतूंच्या जाड थरात) मुरले, तर वारा न लागल्यामुळे महिनाभरसुद्धा दर्प देत राहते. डिझेल त्याहून जड असते. ते आपणहून उडून जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, त्याला धुऊनच काढावे लागते.

ग्रासकटर किंवा जुन्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असेल, तर दोन्हींचे दुर्गुण एकत्र येतात. अशा मिश्रणात लिटरमागे साधारण २० ते ४० मिलिलिटर टू-टी ऑइल असते. मेहुण्यांच्या डिकीत असेच मिश्रण दीड लिटर सांडले, म्हणजे पेट्रोल पूर्ण उडाले असते तरी ३० ते ६० मिलिलिटर तेल मागे राहणारच होते.

सांडले आहे की गळते आहे, हे आधी ठरवावे

काही सांडल्याचे आठवत नसताना वास येत असेल, तर साफसफाईला हात घालू नये. तो वास बिघाडाची सूचना असतो आणि ती सूचना पुसून टाकणे धोक्याचे आहे. वास नेमका कधी येतो याकडे दोन-तीन दिवस लक्ष दिले की मेकॅनिकचे निम्मे काम होते.

टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल आणि टाकी अर्धी झाल्यावर तो थांबत असेल, तर टाकीच्या वरच्या भागावर संशय घ्यावा. अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली एक झाकण असते, त्याच्या खाली इंधनाचा पंप बसवलेला असतो, आणि त्या पंपाभोवतीचे रबरी सील कडक झाले की वाफ थेट आत शिरते. तोंडाकडून टाकीकडे जाणारा रबरी पाइप तडकणे आणि झाकणाचे गॅस्केट झिजणे ही आणखी दोन नेहमीची कारणे आहेत. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही रक्कम पूर्ण करण्यासाठी थोडे-थोडे भरत राहण्याची आपल्याकडे सवय आहे. टाकीची वाफ धरून ठेवण्यासाठी पेट्रोल गाडीत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो, आणि या अतिरिक्त भरण्यामुळे त्यात वाफेऐवजी द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होतो.

एसीचे बटण बाहेरची हवा घेण्यावर असताना वास येतो आणि आतली हवा फिरवण्यावर केल्यास तो कमी होतो, असे असेल तर गळती बोनेटखाली आहे, कारण बाहेरची हवा काचेच्या खालच्या जाळीतून, इंजिनाच्या शेजारून आत येते. डिझेल गाडीचा फिल्टर नुकताच बदलला असेल, तर त्या वेळी सांडलेल्या डिझेलचाही असाच वास काही दिवस येतो आणि तो बोनेटखालची जागा पुसून घेतल्यावर जातो. पण इंजेक्टरवरून परतीचे डिझेल नेणाऱ्या बारीक नळ्या ओल्या दिसल्या, तर त्या बदलाव्याच लागतात.

सीएनजी किंवा एलपीजीच्या गाडीत कुजलेल्या कोबीसारखा वास आला, तर हा संपूर्ण लेख बाजूला ठेवावा. तो वास गळती कळावी म्हणूनच मुद्दाम मिसळलेला असतो. गाडी उघड्यावर थांबवावी, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, सर्वांनी उतरून दूर जावे आणि अधिकृत फिटरला बोलवावे.

कामाला लागण्याआधी आगीचा विचार

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही ठिणगीने पेटू शकते, ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते आणि म्हणून पायांपाशी व डिकीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्के झाले की ते मिश्रण पेट घेण्याजोगे होते. गाडीच्या आतली जागा तीन घनमीटर धरली, तर ढोबळ हिशेबाने पाव लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तरी बंद गाडीत ही मर्यादा गाठली जाते. तळाशी तर ती त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते, कारण वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही.

म्हणून ताज्या सांडलेल्या पेट्रोलच्या बाबतीत पहिले काम एकच असते. गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये न नेता उघड्यावर, घरापासून दूर उभी करावी, इंजिन बंद करावे, चारही दारे व डिकी उघडावी आणि किमान एक तास तिच्याकडे फिरकू नये. एकदा दारे उघडल्यावर रिमोट, आतला दिवा, खिडक्यांची बटणे आणि पंखा यांपैकी कशालाही हात लावू नये, कारण प्रत्येक बटणामागे छोटी ठिणगी उडू शकते. जवळपास विडी-सिगारेट, समई, उदबत्ती काहीही नसावे. वाफ निघून गेल्यावर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर या टप्प्यावर अजिबात वापरू नये. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि आपण ओढलेली पेट्रोलची वाफ नेमकी तिथेच पोहोचते. हेअर ड्रायर आणि हीट गन यांनाही तोच नियम लागू आहे.

डिझेलच्या बाबतीत घाई कमी असते, पण निष्काळजीपणा चालत नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे सर्वांत कमी तापमान, किमान ३५ अंश असावा लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ अंशांवर जाते आणि उन्हात बंद ठेवलेली गाडी आतून त्याहून बरीच अधिक तापते, हे लक्षात घेतले की डिझेल पेटत नाही हा समज किती तकलादू आहे ते कळते.

हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. पेट्रोलमध्ये थोडे बेंझिन असते आणि ते कर्करोगकारक आहे. डोके जड झाले किंवा मळमळले की काम थांबवून मोकळ्या हवेत यावे. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना वास पूर्ण जाईपर्यंत त्या गाडीतून नेऊ नये.

पहिला टप्पा: टिपून घेणे

ताजे सांडले असेल तर जुनी वर्तमानपत्रे किंवा सुती धोतराची, चादरीची फडकी घडी करून त्या जागेवर ठेवावीत आणि तळहाताने दाबावीत. घासू नये, कारण घासल्याने डागाचा परीघ वाढतो. फडके ओले झाले की दुसरे घ्यावे, आणि कडेकडून मध्याकडे येत राहावे. फडक्यावर ओल उमटणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. पाण्याला अजून हात लावायचा नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते पाण्यात मिसळून जाते आणि बाकीचे पेट्रोल पाण्यावर तरंगत कोरड्या भागाकडे सरकते.

यानंतर जो पदार्थ मी सर्वांत भरवशाचा मानतो तो किराणा दुकानात मिळतो: मुलतानी माती. लोकरीतली चिकट चरबी काढण्यासाठी ही माती जगभर शतकानुशतके वापरली गेली, आणि तेल धरून ठेवण्याचा तिचा तोच गुण इथे कामी येतो. माती पूर्ण कोरडी असावी, चाळून घ्यावी आणि डागावर अर्ध्या सेंटिमीटरचा थर देऊन हलक्या हाताने कार्पेटच्या धाग्यांत बसवावी. रात्रभर तशीच ठेवून सकाळी मऊ ब्रशने सुपडीत लोटून घ्यावी. माती गडद व गोळीदार झाली असेल, तर तिने तेल ओढले असे समजावे आणि दुसरा थर द्यावा. ती फिकट आणि भुसभुशीतच राहू लागली की हा टप्पा संपला. सीटचे कापड पांढरट असेल, तर मातीची पिवळसर छटा राहू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड वापरावी. दोन्ही वेळी नाकाला रुमाल बांधावा.

खायच्या सोड्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण प्रत्येक जण तोच सांगतो. सोडा आम्लधर्मी वासांवर, म्हणजे सांडलेल्या दुधाच्या किंवा घामाच्या वासावर चांगला चालतो. पेट्रोल-डिझेल आम्ल नाही, त्यामुळे सोड्याला तिथे करण्यासारखे रासायनिक काम नसते आणि तो फक्त एक कोरडी पूड म्हणून थोडेसे शोषतो. व्हिनेगरचे तर तेवढेही काम नाही.

दुसरा टप्पा: गाडी उघडणे

बहुतेक लोक इथे थांबतात आणि वास परत येतो. वरचे कार्पेट स्वच्छ दिसते, पण त्याखाली फेल्टचा किंवा फोमचा थर असतो, त्याखाली पत्रा आणि पत्र्यात खोलगट जागा असतात.

डिकीत सांडले असेल तर कार्पेट, त्याखालचा बोर्ड, जॅक-पाना ठेवायचा थर्मोकोल आणि स्टेपनी हे सर्व बाहेर काढावे. मेहुण्यांच्या गाडीत बोर्डाच्या खालच्या बाजूचा फेल्ट हाताला चिकट लागत होता. स्टेपनी उचलल्यावर तिच्या खड्ड्यात तळाशी हिरवट तेलाचा तवंग आरशासारखा चमकत होता, तीन आठवड्यांनंतरसुद्धा. वरून शिंपडलेला सगळा सोडा त्या तवंगापासून वीतभर उंचीवरच राहिला होता. या खड्ड्याच्या तळाला साधारणतः एक-दोन रबरी बुचे असतात. ती आतून ढकलून काढली की धुतलेले पाणी खाली निथळून जाते. खाली भांडे धरावे आणि ते पाणी गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. बुचे पेट्रोलने फुगली असतील तर नवी बसवावीत, नाहीतर पावसात तिथूनच पाणी वर येते.

सीटखाली किंवा पायांपाशी सांडले असेल, तर दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी उचकटून कार्पेटची कड वर उचलावी आणि खालच्या थराला नाक लावून पाहावे. तिथे ओल असेल तर सीट काढावीच लागते. सीटचे चार बोल्ट सोडवणे अवघड नसते, पण सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. बॅटरी काढून किमान दहा मिनिटे झाल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि सवय नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

तिसरा टप्पा: साबणाने सोडवणे

तेल पाण्यात मिसळावे यासाठी साबणाचा रेणू दोघांच्या मध्ये लागतो आणि भांडी घासायच्या लिक्विडमध्ये तो उत्तम मिळतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिक्विड पुरे होते. जास्त घातले तर फेस निघता निघत नाही आणि उरलेल्या साबणावर पुढे धूळ चिकटते.

काढलेले कार्पेट, बोर्ड आणि रबरी मॅट बाहेर अंगणात ब्रशने मोकळेपणाने धुवावेत. गाडीत बसवलेल्या गाद्यांच्या बाबतीत मात्र पाणी कमी आणि फेस जास्त असे धोरण ठेवावे. स्पंजने फक्त फेस लावावा, मऊ ब्रशने त्याला आत जाऊ द्यावे, दहा मिनिटे थांबावे, कोरड्या फडक्याने दाबून टिपावे, मग साध्या पाण्याचा ओला स्पंज फिरवून पुन्हा टिपावे. पेट्रोलला हे दोनदा आणि डिझेलला तीन-चार वेळा करावे लागते. फडक्याचा वास घेत राहावा, कारण डागापेक्षा फडके खरे बोलते.

फोम खोलवर भिजला असेल तर डिटेलिंगच्या दुकानातले पाणी सोडून लगेच ओढून घेणारे यंत्र हाताच्या कामापेक्षा बरेच चांगले निकाल देते. मात्र तिथे इंधन सांडल्याचे आधी स्पष्ट सांगावे. ताज्या पेट्रोलच्या गाडीत ते यंत्र चालवणे त्यांच्याही जिवाशी खेळ आहे.

थिनर किंवा रॉकेलने डिझेल काढायचा सल्ला काही गॅरेजवाले देतात. पत्र्यावर तो चालतो, फोमवर नाही. तिथे तुम्ही एका हायड्रोकार्बनच्या जागी दुसरा भरता. डांबराच्या गोळ्या ठेवणाऱ्यांचेही तेच होते.

वापरलेली फडकी आणि माती घरात किंवा गाडीत गोळा करून ठेवू नये. उघड्यावर सुटी पसरून पूर्ण सुकू द्यावीत, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घातक कचरा म्हणून द्यावीत. जाळू नयेत.

चौथा टप्पा: वाळवणे

कडक उन्हाचे दोन पूर्ण दिवस मिळाले तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. काढलेल्या वस्तू गच्चीवर आणि गाडी दारे उघडून अंगणात, असे ठेवावे. उष्णतेने उरलेले जड घटक वर येतात आणि वाऱ्याबरोबर निघून जातात, पण दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. काचा बंद करून तापवलेल्या गाडीत वर आलेली वाफ संध्याकाळी छताच्या कापडात जाऊन बसते.

कोकणात जून ते सप्टेंबर हा उपाय उपलब्ध नसतो. तेव्हा सीटला पाणी शक्य तितके कमी लावावे, काढण्याजोगे सर्व काही घरात पंख्याखाली उभे करून वाळवावे आणि गाडी छपराखाली, तीन-चार मीटरवरून पेडेस्टल पंख्याचा वारा देत ठेवावी. घरात आणायच्या वस्तूचा वास आधी बाहेरच गेलेला असावा. ओलसर राहिलेल्या फेल्टला आठवड्याभरात कुबट वास धरतो आणि मग दोन वासांशी झुंजावे लागते.

पाचवा टप्पा: कोळसा

टाकीची वाफ धरायला गाडी बनवणारे ज्यावर भरवसा ठेवतात, त्या सक्रिय कोळशावरच आपणही ठेवावा. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम सक्रिय कोळशाच्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो. चिमूटभर पुडीत एवढी जमीन असल्यामुळेच वाफेचे रेणू तिथे अडकून बसतात. माशांच्या टाक्यांच्या किंवा पाण्याच्या फिल्टरच्या दुकानात तो दाणेदार रूपात मिळतो. अर्धा ते एक किलो कोळसा जुन्या सुती मोज्यांत भरून स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटखाली आणि पायांपाशी ठेवावा, कारण वाफ खाली असते. या काळात रात्री काचा बंद ठेवाव्यात आणि सकाळी अर्धा तास दारे उघडी टाकावीत. आठ-दहा दिवसांनी कोळसा बदलावा. इस्त्रीचा किंवा तंदूरचा कोळसा यातले थोडेसेच काम करतो.

ओझोन मारून देणारी सेवा हल्ली शहरांत सहज मिळते. ओझोन ज्या रेणूंत दुहेरी बंध असतात त्यांच्यावर वेगाने चालतो. पेट्रोल-डिझेलमधला मोठा भाग तसा नसतो, आणि गाडीतल्या काही रबरी भागांत मात्र तसे बंध असतात. पैसे घालवून रबर तडकवून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

एसी आणि शेवटची परीक्षा

ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा एसीचा फिल्टर कागदी असतो आणि वास धरतो. तो झटकून परत न लावता नवा घालावा. मग चारही काचा उघड्या ठेवून, बाहेरची हवा घेण्याचे बटण लावून पंखा वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालवावा.

परीक्षा आपल्या नाकाने करू नये, त्याला एव्हाना सवय झालेली असते. गाडी दुपारी उन्हात दोन तास बंद करून ठेवावी आणि घरात ज्या माणसाला गाडी लागते त्याला बोलावून दार उघडायला सांगावे. अशा माणसाचे नाक कोणत्याही यंत्राइतके चोख असते. मेहुण्यांच्या गाडीला पहिल्या परीक्षेत त्यांच्या आईंनी नापास केले. बोर्डाखालचा फेल्ट आम्ही तीनदा धुतला होता, तरी तो तेल सोडत नव्हता. शेवटी तो फाडून टाकला आणि गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्याकडून नवा तुकडा बसवून घेतला. तीन धुण्यांनंतरही जो थर हाताला चिकट लागतो त्याच्यामागे चौथा दिवस घालवू नये.

महिन्याभराने पुन्हा वास आला आणि तो फक्त दुपारच्या उन्हातच येत असेल, तर उंबऱ्याच्या पट्टीखालचा वायरिंगचा पन्हाळ पाहावा. तिथे तारांभोवती गुंडाळलेली कापडी टेप वातीसारखी इंधन ओढून घेते. टेप सोडवून, तारा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर नवी टेप गुंडाळावी. बागेतला कॅन आता धातूचा आहे, तो दहावा हिस्सा रिकामा ठेवून जमिनीवरच भरला जातो आणि भाजीच्या क्रेटमध्ये उभा बांधून शेजाऱ्यांच्या उघड्या टेम्पोतून बागेवर जातो.